टॅबवरची रेकॉर्डिंगं क्लाउडवर ठेवायची की आपल्याकडे? माझं मत: मूळ फाईल आपल्याच हातात पाहिजे

घणसोलीकर
आमच्या पट्ट्यात आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण असते, मांडवापासून हळदीपर्यंत एकेक विधी ती धवले, म्हणजे विधींची गाणी, गात गात पार पाडते. माझी आजी धवलारीण. आता वय झालंय, आवाज अजून खणखणीत आहे पण हे सगळं तोंडपाठ, कुठं लिहिलेलं नाही, आणि तिच्या सोबतीच्या बायका एकेक करून कमी होत चालल्यात. म्हणून टॅबवर रेकॉर्डिंग सुरू केलंय, काही नुसता आवाज, काही व्हिडिओ. टॅब १२८ जीबीचा ॲन्ड्रॉइड, मेमरी कार्डचा स्लॉट आहे. घरात वाद असा की धाकटा भाऊ म्हणतो सगळं क्लाउडवर चढव आणि टॅब रिकामा कर, मी म्हणतो मूळ फाईल आपल्याकडेच पाहिजे, क्लाउड ठेवायचा तर दुसरी कॉपी म्हणून ठेवा.

माझी कारणं सांगतो. आवाज मी वाव्ह फॉरमॅटमध्ये, म्हणजे न दाबता, घेतो, सीडीच्या क्वालिटीला मिनिटाला १० एमबीच्या थोडं वर जातं म्हणजे तासाला ६०० एमबीच्या पुढे, व्हिडिओ तर विचारूच नका. गूगलचे फुकट १५ जीबी हे जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज तिन्ही मिळून आहेत, फोटोजची फुकट अनलिमिटेड सोय १ जून २०२१ ला संपली, आणि आता व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा त्यातच मोजतात. म्हणजे दोन हळदी रेकॉर्ड केल्या की जागा फुल. मग दर महिन्याला पैसे भरत राहा, आयुष्यभर, आणि मध्येच भरायचे थांबलात तर नवीन काही चढत नाही, मेलसुद्धा यायची बंद होते, आणि दोन वर्षं लिमिटच्या वर राहिलात तर डेटा उडवायचा अधिकार कंपनी स्वतःकडे ठेवते.

दुसरं मोठं कारण. २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली होती, अमेरिकेत एका बापाने आजारी मुलाचे फोटो डॉक्टरला दाखवायला काढले, ते आपोआप क्लाउडवर चढले, सिस्टिमला ते आक्षेपार्ह वाटले आणि गूगलने अख्खं अकाउंट बंद केलं. पोलिसांनी त्याच्याकडून काहीच गुन्हा झालेला नाही असं सांगितलं तरी अकाउंट परत मिळालं नाही. मेल, फोटो, कॉन्टॅक्ट सगळं गेलं. आजीचा आवाज मी अशा ठिकाणी एकुलता एक म्हणून ठेवणार नाही जिथं मला दाद मागायला समोर माणूसच नाही.

वर्तकनगरची
दादा काम फार मोलाचं करताय, म्हणूनच स्पष्ट बोलते, तुमचा निर्णय मला धोक्याचा वाटतो. हातात आहे म्हणून टिकेल हे गृहीत कुठून आलं? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला, आपल्या ठाण्यातही तळमजल्यावरच्या लोकांचे काय हाल झाले ते त्या वेळी इथं असलेल्या कुणालाही विचारा. माझ्या माहेरी कपाटाच्या खालच्या कप्प्यात लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ कॅसेटी होत्या, पाणी ओसरल्यावर आईने ते अल्बम उघडले तर फोटो एकमेकांना चिकटलेले, सोडवायला गेलं की चेहराच दुसऱ्या पानावर निघून येई. तेही आमच्याच घरात, आमच्याच हातात होतं ना.

टॅब आणि त्यातलं कार्ड या तुमच्या हिशोबाने दोन जागा असतील, पण टॅब लोकलमध्ये चोरीला गेला, पाण्यात पडला तर दोन्ही एकदम जातात. क्लाउडवर असेल तर नवीन टॅब घ्या, लॉगिन करा, फाईल जशीच्या तशी. १०० जीबीला महिन्याला साधारण १३० रुपये पडतात, आजीच्या आवाजासाठी एवढे जड नाहीत. आणि अकाउंट बंद पडल्याच्या बातम्या होतात कारण ते क्वचित घडतं, चोरीला गेलेल्या फोन-टॅबची बातमी कोण छापतो?

पारसिक_फास्ट
मी रोज डोंबिवलीहून ठाण्याला येतो आणि साइटवर काम करतो, टॅबवर ड्रॉइंग असतात. २०२२ पर्यंत फास्ट लोकल पारसिक बोगद्यातून जायच्या तेव्हा क्लाउडवाल्यांनी एकदा यायला हवं होतं, गाडी आत शिरली की नेटवर्क जायचं. ते एक वेळ सोडा, साइटवर बेसमेंटच्या दोन मजल्यांत रेंज नसते, ड्राइव्ह उघडलं की फाईलचं नाव दिसतं, छोटं चित्र दिसतं आणि दाबलं की गोल फिरत बसतं, समोर काँट्रॅक्टर उभा. त्यामुळे जी फाईल कामाला लागते ती टॅबमध्येच. 'ऑफलाइन उपलब्ध' ऑप्शन आहे, पण तो प्रत्येक फाईलला आठवणीने चालू करावा लागतो. मी घणसोलीकरांच्या बाजूने.

महापे_नाईटशिफ्ट
मी महापे एमआयडीसीत डेटा सेंटरला आहे, कंपनीचं नाव सांगत नाही. लोकांना वाटतं क्लाउड म्हणजे हवेत काहीतरी, तर तो आपल्या महापे-ऐरोली-रबाळे पट्ट्यातल्या बिनखिडक्यांच्या बिल्डिंगांसारख्या बिल्डिंगांत असतो. दोन बाजूंनी वीज, बॅटऱ्या, खाली डिझेल जनरेटर, आणि आत डिस्क खराब होतातच, पण एक खराब झाली की आम्ही ती खेचून नवीन लावतो आणि त्यावरचा डेटा दुसरीकडच्या कॉप्यांमधून परत भरला जातो, वापरणाऱ्याला पत्तासुद्धा लागत नाही. घरी तुमचं कार्ड गेलं तर हे कोण करणार? (तुमचे ड्राइव्हचे फोटो नेमके महापेत आहेत असं मात्र नाही, घरगुती अकाउंटचा डेटा कुठं ठेवायचा ते कंपनी ठरवते, तुम्हाला विचारत नाही.)

फक्त एक गोष्ट क्लाउडच्या बाजूच्या लोकांनी नीट समजून घ्या. सिंक आणि बॅकअप एकच नाही. सिंकमध्ये तुम्ही टॅबवर फाईल उडवली की ती क्लाउडवरूनही उडते, ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस राहते आणि मग गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये कॉम्प्युटरवरच्या ड्राइव्ह ॲपच्या एका व्हर्जनमध्ये गडबड झाली होती, लोकांच्या कित्येक महिन्यांच्या फाईली दिसेनाशा झाल्या, गूगलने ते मान्य केलं आणि परत मिळवायचा मार्ग नंतर दिला. तरीसुद्धा माझं मत क्लाउडच्याच बाजूने आहे, कारण घरात आग लागली, पाणी आलं तरी ती कॉपी कुठंतरी लांब आहे, एवढं लांब घरातलं कपाट नसतं.

स्टेशनरोड_रिपेअर
ठाणे स्टेशनजवळ रिपेअरचं दुकान आहे माझं, टॅब-मोबाइल दिवसभर हातात असतात. दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांना ज्या गोष्टी माहीत नाहीत त्या सांगतो.

घणसोलीकर भाऊ, मेमरी कार्डवर एकुलती एक कॉपी अजिबात ठेवू नका. बाजारात खोटी कार्डं भरपूर आहेत, वर लिहिलेलं असतं ५१२ जीबी आणि आत चिप ३२ ची, टॅबला मात्र ते ५१२ च सांगतं. ३२ भरेपर्यंत सगळं व्यवस्थित चालतं, त्यानंतर नवीन फाईल जुन्यावर लिहिली जाते किंवा नुसतं नाव राहतं. कस्टमर कार्ड घेऊन येतात, रीडरला लावलं की फोल्डर दिसतात, फाईलींची नावं दिसतात, साइज ० केबी. ती परत येत नाही, मी प्रत्येकाला हेच सांगतो. कार्ड घेतल्या घेतल्या कॉम्प्युटरवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट टूल चालवा, ते कार्ड पूर्ण भरतं आणि वाचून बघतं, मोठ्या कार्डाला कित्येक तास लागतात पण लागू द्या.

कार्ड लावताना टॅब विचारेल 'पोर्टेबल' की 'इंटर्नल', तर पोर्टेबलच करा. इंटर्नल केलंत तर कार्ड त्या एका टॅबच्या चावीने बंद होतं, टॅब रिसेट झाला किंवा मेला की ते कार्ड जगात कुठंच वाचता येत नाही.

आता टॅबच्या आतली मेमरी, तीही बोर्डला चिकटवलेली आणि एन्क्रिप्टेड, म्हणजे त्या टॅबच्या चावीने बंद, बोर्ड पूर्ण गेला तर त्यातून फाईल काढणं जवळजवळ अशक्य. आणि रेकॉर्डिंगचं ॲप फाईल कुठं टाकतं ते आज रात्रीच बघा. काही ॲप स्वतःच्या खाजगी फोल्डरात टाकतात, ॲप अनइन्स्टॉल केलं की तो फोल्डर साफ. म्युझिक किंवा रेकॉर्डिंग्जच्या साध्या फोल्डरात हलवून घ्या.

माझं मत विचाराल तर टॅब ही ठेवायची जागाच नाही, तो फक्त रेकॉर्ड करायला. यूएसबी-सीची वायर घ्या, बाहेरची हार्ड डिस्क लावा, त्याच दिवशी कॉपी मारा. डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाईल घेतच नाही आणि रात्रभराच्या हळदीचा व्हिडिओ त्याच्या आरामात वर जातो.

घणसोलीकर
रिपेअरवाले भाऊ, हे सोन्यासारखं सांगितलंत, ॲपचा फोल्डर आत्ताच बघितला आणि फाईली हलवल्या. वर्तकनगरच्या ताई, २००५ चं तुमचं म्हणणं मला पटतं पण त्यावरचं उत्तर क्लाउडच असलं पाहिजे असं नाही. मी दोन हार्ड डिस्क करणार, एक घणसोलीत आमच्याकडे पहिल्या मजल्यावर, दुसरी दिवाळे गावात आत्याकडे. तीन कॉप्या, दोन प्रकारच्या वस्तूंवर, एक घराबाहेर, हा नियम फोटोग्राफर लोक पाळतात, त्यात बाहेरची कॉपी क्लाउडवरच पाहिजे असं कुठं म्हटलेलं नाही. आत्याचं दार वाजवलं की ती उघडते, ओटीपी मागत नाही.

खारघर_सेक्टर१२
ओटीपीचा विषय निघाला म्हणून लिहिते, कारण हा मुद्दा कुणीच घेतला नाही. दादा, तुमच्यानंतर हे कोण उघडणार? माझे सासरे गेले तेव्हा त्यांचे सगळे फोटो त्यांच्या अकाउंटवर होते, पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता, आणि नंबरचं रिचार्ज थांबवल्यावर सिमही बंद झालं, आपल्याकडे ९० दिवस नंबर वापरला नाही तर तो बंद होऊ शकतो. ओटीपी येणार कुठं? वाद कुठल्या जागेचाही असो, क्लाउड वापरणार असाल तर गूगलच्या सेटिंगमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे, त्यात घरच्यांचा मेल टाका, ॲपलला 'लेगसी कॉन्टॅक्ट' आहे. दोन वर्षं अकाउंट कुणी उघडलंच नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं, २०२३ च्या डिसेंबरपासून ते सुरू झालंय. म्हणून माझं मत हार्ड डिस्कला, लॉक न लावलेल्या. धवले काही गुपित नाहीत, ते उघडता आले पाहिजेत.

वर्तकनगरची
लॉक न लावलेली डिस्क आत्याकडे, ठीक आहे, पण ताई त्या डिस्कवर बायकांचे व्हिडिओ आहेत, घरातले, हळदीतले. उद्या ती डिस्क कुणा भाच्याच्या हाती लागली आणि त्याने रील करून टाकलं तर? त्या आजींना विचारलंय का कुणी? क्लाउडवर निदान कुणाला दिसावं हे ठरवता येतं, दिलेली परवानगी काढूनही घेता येते.

घणसोलीकर
विचारलंय ताई, प्रत्येकीला, आणि एका आजीने सांगितलंय की आवाज घे, चेहरा नको. तिचा व्हिडिओ काढलेलाच नाही. पण डिस्कचं म्हणताय ते खरं आहे, व्हिडिओचा फोल्डर तरी पासवर्डने बंद करतो आणि पासवर्ड आत्याला कागदावर लिहून देतो. आवाज उघडाच ठेवणार.

धाकटा_घणसोलीकर
दादाने लिंक पाठवली म्हणून आलो, तो भाऊ मीच. दादाला सगळं येतं पण एक गोष्ट तो धरत नाही, तो सीझनमध्ये रात्री दोनला लग्नातून घरी येतो, सकाळी सातला ट्रान्स-हार्बर पकडून कामाला जातो, त्यात डिस्क काढून वायर लावून कॉपी मारणार कोण? आणि महिन्यातून दिवाळ्याला डिस्क घेऊन जाणार कोण? क्लाउडला कुणी बसायला लागत नाही. घरच्या वायफायला अपलोड २० एमबीपीएस आहे, १ जीबीला सात मिनिटं, टॅब चार्जिंगला लावला की झोपेत काम होतं. जे माणसाच्या आठवणीवर चालतं ते कधी ना कधी राहतंच.

स्टेशनरोड_रिपेअर
धाकटे भाऊ, मुद्दा एकदम बरोबर, पण एक अडचण आहे. गूगल फोटोज आपोआप घेतं ते फक्त फोटो आणि व्हिडिओ. तुमच्या आजीच्या वाव्ह फाईली ते घेणारच नाही, ॲन्ड्रॉइडचा नेहमीचा बॅकअपही घेत नाही. ड्राइव्हच्या ॲपमध्ये फोल्डर आपोआप चढवायची सोय नाही, ऑटोसिंकसारखं वेगळं ॲप लावावं लागतं, आणि लावलंत तर 'फक्त अपलोड' मोडवर लावा, दोन्हीकडून नको, नाहीतर महापेवाल्यांनी सांगितलं तसं इकडे उडालं की तिकडेही उडेल. व्हिडिओ फोटोजवर टाकाल तर 'ओरिजिनल क्वालिटी' निवडा, स्टोरेज सेव्हरवर ठेवलं तर फोरकेचा व्हिडिओ दाबून कमी बारकाव्याचा १०८० करून ठेवतो.

धाकटा_घणसोलीकर
हे माहीत नव्हतं, ऑटोसिंक आज टाकतो. दादा, १०० जीबीचा प्लॅन मी माझ्या अकाउंटवर घेतो, पैसे मी भरतो, तुझ्या डिस्क तू सांभाळ. चालेल?

घणसोलीकर
चालेल, पण कॉपी म्हणूनच, मूळ माझ्याकडे. आणि तुझ्या अकाउंटवरून चढवलेल्या फाईलचा मालक तूच राहतोस, मी शेअर केलेल्या फोल्डरात टाकलीस तरी, म्हणून इनॅक्टिव्हच्या सेटिंगमध्ये माझा आणि आत्याच्या मुलीचा मेल टाक. फाईलींची नावं बदलू नकोस, तारीख, गाव, कोण गातंय, कुठला विधी, ह्याच क्रमाने ठेवलीत. गेल्या वेळी तू 'आजी न्यू १' करून पाठवलेलीस ती कुठल्या मांडवाची आहे ते आजीला परत ऐकवून विचारावं लागलं.