चौघांची थीम पार्क ट्रिप पाच हजारात म्हणे! पोरांच्या उंचीचा हिशोब कोण करणार?

शाहूपुरीची आई:
परवा एकांनी इथं लिहिलेलं, चौघांची थीम पार्क ट्रिप पाच हजारात बसते, पोरं लहान असली तरी बसते, फक्त प्लॅनिंग पाहिजे. टिपा काय, तर शनिवार-रविवार टाळा, तिकीट आधी ऑनलाइन काढा, आदल्या रात्री पुण्यात पाहुण्यांकडं मुक्काम टाका. खाली सगळ्यांनी मस्त मस्त म्हणून ठेवलंय. मला वाचून इतका वैताग आला की दोन दिवस डोक्यातनं जाईना, म्हणून लांबलचक लिहितेय.

टिपा खोट्या नाहीत. मधल्या वारी तिकीट कमी असतं, मान्य. पण पोरांच्या उंचीबद्दल एक शब्द नाही, आणि पैसा वाया जातो तो तिथंच.

आम्ही गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका मोठ्या पार्कला गेलतो. थोरली सहाची, धाकटा तीनचा. पहाटे चारला साताऱ्यातनं निघालो. पहिल्याच राइडच्या तोंडाशी लाकडी अस्वल उभं केलेलं, त्याचा हात आडवा, त्या हाताला डोकं लागलं तर आत. मी घरूनच हिची शेंडी चांगली उंच बांधून नेली होती. तिथल्या मुलीनं काही न बोलता शेंडीवर तळहात ठेवला आणि केस सपाट दाबले. चार बोटं कमी! पोरगी टाचा उचलून उभी राहिली तर तिनं हळूच "टाचा टेक बाळा" म्हणलं. त्यानंतर जे रडं सुरू झालं ते जेवणापर्यंत.

दिवसभरात तिला घोड्यांचं चक्र, छोटी आगगाडी आणि बोटी एवढंच मिळालं. धाकट्याला तेवढंही नाही. आणि त्याच्यापायी आमच्या दोघांतलं एक माणूस कायम खाली, म्हणजे मोठ्या माणसाचं पूर्ण तिकीट काढून बाकावर बसायचं. तेल, टोल, तिकिटं, खाणं, लॉकर धरून साडेतेरा हजार गेले, वहीत लिहिलेत. खोपोलीचं इमॅजिका २०१३ ला सुरू झालं, तिथल्या नायट्रो नावाच्या मोठ्या रोलर कोस्टरचे व्हिडिओ लोक चार वर्षांच्या पोराला दाखवतात, पण त्याला साडेचार फुटांच्या आसपास उंची लागते, म्हणजे पोर दहा-अकराचं झालेलं पाहिजे. आधी पोराला दाराच्या चौकटीला उभं करून टेप लावा, मग तिकिटाची साइट उघडा. चार फुटाच्या आतलं पोर असेल तर मोठ्या पार्कात स्वस्त ट्रिप असा प्रकारच नसतो.

मिरज जंक्शन:
ताई, तुमचं साडेतेरा हजार झालं ते स्वतःची गाडी नेली म्हणून. आम्ही लाल परीनं गेलो. माझं पूर्ण तिकीट, बायकोचं अर्धं कारण मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धंच आहे, पोरगा सात वर्षांचा त्याचं अर्धं, पोरगी चारची तिला तिकीटच नाही. चार माणसं आणि दोन तिकिटांचे पैसे! पुण्यात गाडी बदलली, एक रात्र मेव्हण्याकडं, आणि पार्कवाल्या पैशासकट सात हजारात घरी आलो. पाच नाही सात, पण तेरा नक्की नाही.

आणि उंची उंची काय करताय. लहान पोराला काय राइडच पाहिजे असते का. माझ्या पोरीला पार्कातली संध्याकाळची मिरवणूक एवढी आवडली की अजून ती घरात चादर पाठीला बांधून तसंच चालती.

कऱ्हाडी मिसळ:
उंचीचं राहू द्या, मला डब्याचं बोलायचंय. आम्ही पण गेलतो एका ठिकाणी, आईनं रात्री जागून धपाटे लाटलेले, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा. गेटवर बॅग उघडली आणि सगळं बाहेर. म्हणे बाहेरचं खाणं चालत नाही. आई तिथं उभी, हातात ते फडकं, आणि म्हणती "मी परक्याला घालाय आणलंय का, माझ्याच नातवाला तर घालतीय". आत प्लेटभर पावभाजीला जे पैसे दिले त्यात आमच्या घरी चार दिवसांची भाजी येते. बजेट बजेट करणाऱ्यांनी आधी या डबाबंदीवर बोलावं. आणि सरकार पण काय, २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पार्कच्या तिकिटावर २८ टक्के लावला होता, ओरड झाल्यावर जानेवारी २०१८ ला १८ वर आणला. पोरांच्या झोक्यावर कसला कर घेता!

विश्रामबागवाला:
धपाट्यांचं वाईट वाटलं, पण हजारो लोक आत डबे सोडून बसले तर संध्याकाळी तिथं मुंग्या आणि कुत्री फिरतील. बाळाचं खाणं आणि औषधं सोडतात, ती वेगळी ठेवायची. बाकी गाडीतळावर पोटभर खाऊन आत जायचं आणि चारला बाहेर येऊन परत खायचं, आधी गेटवर विचारून घ्यायचं परत आत सोडतात का.

आणि सांगलीवाल्यांनी पुण्याकडंच का पळायचं? मिरजेतनं दुपारी राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसा, सकाळी बेंगळुरू. तिथनं जवळच बिडदीला वंडरला म्हणून मोठं पार्क आहे. तिथं तिकीटच उंचीवर आहे, ८५ सेंटिमीटरच्या आत फुकट, १४० पर्यंत लहान मुलाचं तिकीट. वयाचा दाखला नको, काही नको.

कऱ्हाडी मिसळ:
रेल्वेत सात वर्षांच्या पोराला बर्थ पाहिजे असेल तर एप्रिल २०१६ पासून पूर्ण भाडं पडतं हे पण सांगा की. अर्ध्या तिकिटात बर्थ नाही. रात्रभर पोराला कुशीत घेऊन जायचं आणि सकाळी पार्कात पळायचं? बजेट ट्रिप म्हणून बेंगळुरू सांगताय, कमाल आहे.

माणदेशी:
मला कळंना तुम्ही लोकं एवढं लांब जाताच कशाला. औंधला यमाईची यात्रा, पुसेगावला सेवागिरी महाराजांची, पालीला खंडोबाची. आकाशपाळणा, टोराटोरा, ड्रॅगन, ब्रेकडान्स सगळं असतं. पाचशेची नोट मोडली तर दोन पोरं रात्रीपर्यंत हिंडतात, वर भेळ आणि गुडीशेव. अस्वल नाही का फूटपट्टी नाही, कोण पोराला रडवत नाही. माझी दोन्ही पोरं तीन वर्षांची असल्यापासून आकाशपाळण्यात बसत्यात.

कोरेगावचा वायरमन:
फूटपट्टी नाही, हेच तर दुखणं आहे दादा! मी सहा वर्षं जत्रांमधी पाळण्यांची वायरिंग केलीय, जनरेटर लावलाय, म्हणून बोलतोय. रात्री दहाला गर्दी अगदी भरात असते, पाळणा थांबवायला कुणाला वेळ नसतो. दाराच्या कडीची पिन पडली तर त्या जागी खिळा वाकवून घालतात, मी स्वतः डोळ्यानं बघितलंय, आणि बोंबललो तर मला म्हणले तू लाइटीचं बघ. तीन वर्षांचं पोर त्या पाळण्यात बसवता आणि वर अभिमानानं लिहिता?

माणदेशी:
तुम्हाला जत्रेचं काय पण दिसलं तरी नाकच मुरडायचंय. पाळणेवाली माणसं घरदार घेऊन वर्षभर गावोगाव हिंडतात, त्यांची स्वतःची पोरं त्याच पाळण्यात झोपतात. आमच्या गावच्या जत्रेला एकच कुटुंब येतंय, म्हातारा होता तेव्हापासून, आता नातू आहे. लहान पोर असलं की तो हातानं थांबवून पाळणा चालवतो. तुमच्या पार्कात कुणी ओळखतं का पोराला? एका ठिकाणी खिळा बघितला म्हणून सगळ्यांना खिळेवाले करू नका.

कोरेगावचा वायरमन:
नाक मुरडत नाही ओ, माझा जन्मच जत्रेच्या मैदानाला लागून झालाय. म्हाताऱ्याचा जीव चांगला असेल, त्यावर वाद नाही. जीव चांगला असून लोखंड धरत नसतं. आणि माझं ऐका, उंची का बघतात ते सांगतो, कारण इथं सगळे त्या अस्वलालाच शिव्या घालताहेत. बसल्यावर मांडीवर जो दांडा येतो तो बऱ्याच राइडांत दोघांत एकच असतो. बाप शेजारी बसला की दांडा बापाच्या मांडीला टेकून थांबतो. पोराची मांडी बारीक, तिथं वीतभर फट राहते. गाडी वर जाऊन खाली येताना अंग सीटवरनं सुटतं आणि पोर त्या फटीतनं खाली सरकतं. बापानं कितीबी घट्ट धरलं तरी त्या झटक्यात हात सुटतो. खांद्यावरनं येणारं असतं त्यात पण तेच, पोराचा खांदा तिथवर पोचतच नाही. म्हणून शेंडी दाबून बघतात. ती मुलगी तुमच्या पोरीवर उपकार करत होती ताई, आणि तुम्ही शेंडी बांधून तिला फसवायला निघाला होता.

शाहूपुरीची आई:
हे लागलं मला. पण खरं आहे म्हणून ऐकून घेते. त्या दिवशी मला वाटलेलं चार बोटांनी काय बिघडतंय. दांड्याचं असं कुणी सांगितलंच नाही, नुसतं "अलाउड नाही" म्हणतात. फट दाखवली असती तर मी स्वतःच पोरीला मागं ओढलं असतं. शेंडी बांधायला नको होती.

पण म्हणजे माझा मुद्दा आणखी पक्काच झाला ना? उंचीत बसत नाही त्या पोराला कुठल्याच युक्तीनं बसवायचं नाही. मग त्या तिकिटाचे पैसे कशाचे?

माणदेशी:
आमच्या जत्रेवरनं सुरू करून फिरून परत पार्कवरच आलात. मी कुठं म्हणलं मोठ्या पाळण्यात एकटं बसवतो, मी शेजारी असतो.

कोरेगावचा वायरमन:
शेजारी बसून पिन निघायची थांबती का? यंदा बसायच्या आधी कडीला हात लावून बघा, एवढंच सांगतो.

माणदेशी:
बघीन की. त्यात काय. पिन बघतो, खिळा दिसला तर फोटो काढून इथंच टाकतो, आणि नाही दिसला तर तुम्ही इथंच लिहायचं की माझं चुकलं.

कोरेगावचा वायरमन:
लिहितो. आनंदानं लिहितो.

विश्रामबागवाला:
पाळण्याचं पुराण झालं असेल तर मूळ विषयावर या. प्रश्न बजेटचा होता.

मिरज जंक्शन:
मूळ विषयावरच एक सांगतो, आणि हे मी सहसा कुणाला सांगत नाही. मी चौथीत असताना टीव्हीवर एस्सेलवर्ल्डची जाहिरात लागायची. मुंबईतल्या गोराईचं पार्क, १९८९ ला सुरू झालेलं. मी वडिलांना म्हणायचो जाऊया. वडील कारखान्यात होते, म्हणायचे पुढच्या वर्षी, अजून जरा मोठा हो, मग सगळ्यात बसशील. पुढच्या वर्षी बहिणीचं आजारपण. त्याच्या पुढच्या वर्षी घराचं छत. असं करत मी कॉलेजला गेलो आणि मग विषयच संपला. माझं पोरगं झालं तेव्हा ठरवलं की याला न्यायचं, आणि २०२२ ला ते बंदच पडलं. वडील पण आता नाहीत. ताई, तुमचा टेप बरोबर असेल. पण थांबा थांबा करून काय होतं ते मी बघितलंय. माझं पोरगं अस्वलाला लागलं नाही तरी चालेल, पण मी त्याचा हात धरून त्या गेटमधनं आत गेलो, हे मला पाहिजे होतं. सात हजार त्याचे दिलेत मी.

कऱ्हाडी मिसळ:
दादा डोळ्यात पाणी आणलंत. माझ्या धपाट्यांचा राग तेवढ्यापुरता बाजूला ठेवतो.

शाहूपुरीची आई:
वडिलांचं वाचून मला काय लिहावं कळेना. तुमचे सात हजार वाया गेले असं मी म्हणणार नाही. पण दादा, ते पैसे तुम्ही तुमच्यासाठी दिलेत, आणि ते कबूल करून दिलेत. मला राग आहे तो "पोरांसाठी स्वस्तात" म्हणून गळ्यात मारतात त्याचा. माझ्या पोरीच्या आठवणीत त्या दिवसाचं अस्वलच राहिलंय. अजून पावडरच्या डब्यावरचं अस्वल उलटं फिरवून ठेवते.

वाईकर आजोबा:
मी सगळं वाचलं. माझी नातवंडं पाच आणि साडेतीन. मागच्या उन्हाळ्यात मी आणि सून दोघांना घेऊन गेलो. मी सत्त्याहत्तरचा, पंचाहत्तरच्या पुढं एसटी फुकट. सूनबाईंचं अर्धं, थोरल्याचं अर्धं, धाकटीचं नाही. चार माणसांना एकाच तिकिटाचे पैसे पडले. कात्रजला उतरलो, प्राणिसंग्रहालयात वाघ आणि हत्ती बघितला, डबा झाडाखाली सोडला, कुणी अडवलं नाही. नंतर सारसबागेजवळच्या पेशवे पार्कात फुलराणी, पोरांची छोटी आगगाडी. ती १९५६ ला सुरू झाली, मी स्वतः लहानपणी तिच्यात बसलोय. रात्री नऊला घरी. येताना खंबाटकीच्या चढाला धाकटीला उलटी झाली, जाताना बोगदा होता म्हणून त्रास झाला नाही, येतानाच घाट लागला. तेव्हा परतीच्या आधी तासभर दूध देऊ नका. फक्त बुधवारी जाऊ नका, कात्रज बुधवारी बंद असतं.

विश्रामबागवाला:
आजोबा, फुलराणी म्हणजे थीम पार्क नाही ओ.

वाईकर आजोबा:
नसेल. साडेतीन वर्षांच्या पोरीला ते माहीत नव्हतं. ती उतरायला तयार नव्हती, गार्डला हात करत बसली होती.

मिरज जंक्शन:
आम्हाला सांगलीहून कात्रज एका दिवसात जमायचं नाही, सहा तास जायलाच जातात. पण साताऱ्यावाल्यांनी खरंच हे करावं. आणि ताई, थोरलीची उंची आता किती झाली?

शाहूपुरीची आई:
तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता उभी केली. शेंडी सोडून. एकशे तेरा. एकशे वीसच्या रेघेवर मी पेन्सिलनं टिकली काढून ठेवलीय, तिथं पोचली की बऱ्याच राइड सुटतात, तेव्हा एसटीनंच नेईन, तुमच्या दोन तिकिटांच्या हिशोबानं. तोवर धाकटा पण पाचचा होईल आणि त्याचं अर्धं तिकीट लागेल, तेही धरलंय.

आजोबा, आम्ही येत्या गुरुवारी कात्रजला जातोय. सातारा-स्वारगेट गाडी कात्रजला थांबते ना?

वाईकर आजोबा:
थांबते. चढतानाच कंडक्टरला सांगून ठेवा, आणि डावीकडच्या खिडकीला पोरीला बसवा.