मदत हवी आहे : गरोदरपणाचा सहावा आठवडा आणि कार्बिमाझोल – बंद करावे, बदलावे की तसेच चालू ठेवावे?

नमस्कार. मी इंदूरला रामबागेत राहते, वय ३१. चौदा महिन्यांपूर्वी मला ग्रेव्हजचा आजार (यात थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते) असल्याचे निदान झाले आणि तेव्हापासून ती आवरणारे कार्बिमाझोल चालू आहे. सुरुवातीला दिवसाला २० मिलिग्रॅम होते. गेले सहा महिने सकाळी ५ मिलिग्रॅमची एकच गोळी घेते आणि फ्री टी-४ व टीएसएच या थायरॉइडच्या रक्ततपासण्या दोन्ही मर्यादेत आहेत. परवा घरी केलेली चाचणी पॉझिटिव्ह आली. शेवटच्या पाळीपासून मोजले तर आज पाच आठवडे चार दिवस होतात.

थायरॉइडचे डॉक्टर सोमवारपर्यंत बाहेरगावी आहेत. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात, गोळी आजच बंद करा. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंच्या मते ती बदलून पीटीयू, म्हणजे प्रोपिलथायोयुरॅसिल, सुरू करावे. सासूबाईंचे म्हणणे तिसरेच : "काही बंद करू नकोस, मागच्या वर्षी तुझ्या हातातला कप बशीवर कसा वाजत होता ते मी पाहिले आहे." ते खोटे नाही.

मला समजले आहे ते असे. कार्बिमाझोलचे शरीरात मेथिमाझोल होते, ते वारेतून बाळापर्यंत पोहोचते, आणि सहाव्या ते दहाव्या आठवड्यात, म्हणजे अवयव घडत असताना, त्याचा धोका सर्वांत जास्त असतो. डोक्याच्या टाळूवर एखाद्या ठिकाणी त्वचाच नसणे, नाकाचा मागचा मार्ग किंवा अन्ननलिका बंद असणे, बेंबीजवळ पोटाची भिंत उघडी राहणे, असे दोष त्यात सांगितले जातात. डेन्मार्कमध्ये १९९६ ते २००८ या काळात जन्मलेल्या आठ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गरोदरपणाच्या सुरुवातीला आईने मेथिमाझोल किंवा कार्बिमाझोल घेतले होते अशा मुलांत जन्मजात दोषांचे प्रमाण ९.१ टक्के, पीटीयू घेतले होते त्यांच्यात ८ टक्के आणि कोणतेच औषध नसलेल्यांत ५.७ टक्के आढळले. म्हणजे पीटीयूही अगदी निर्धोक नाही. त्यातले दोष बहुधा सौम्य, कानापुढची किंवा मानेतली गाठ अथवा मूत्रमार्गाचे, असतात. पण आईच्या यकृताला क्वचित गंभीर इजा होऊ शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१० मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला. उलट, औषध सोडून थायरॉइड पुन्हा चढला तर गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि रक्तदाब यांची भीती आहेच.

माझी खरी अडचण पुढेच आहे. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१७ च्या मार्गदर्शनानुसार, मात्रा कमी असून तपासण्या ठीक असतील तर औषध पूर्ण थांबवून दर एक-दोन आठवड्यांनी रक्त तपासत राहण्याचा विचार करता येतो. माझी मात्रा त्यात बसते. परंतु मार्चमध्ये केलेली ट्रॅब, म्हणजे थायरॉइडला चेतवणाऱ्या अँटिबॉडीची तपासणी, अजून वाढलेलीच होती, आणि अशा स्त्रियांत आजार उलटण्याची शक्यता जास्त असते. म्हणून नेहमीच्या डॉक्टरांचा सल्ला मला चुकीचाही वाटत नाही आणि पुरेसाही वाटत नाही.

पहिल्या तीन महिन्यांत औषध थांबवलेल्या किंवा पीटीयूवर गेलेल्या कोणी येथे असाल, तर पहिली रक्ततपासणी किती दिवसांनी झाली, पीटीयू दिवसातून किती वेळा विभागून घ्यावे लागले आणि सोळाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांनी पुढे काय केले, हे कृपया सांगावे. अँटिबॉडी वाढलेल्या असताना औषध थांबवलेल्यांचा अनुभव मला विशेष उपयोगी पडेल. अठराव्या-विसाव्या आठवड्यातील सोनोग्राफीत यांपैकी कोणते दोष दिसतात आणि कोणते सुटतात, हे एखाद्या डॉक्टरांनी सांगितले तर फार बरे होईल, कारण टाळूवरचा त्वचेचा लहानसा दोष त्यात दिसत असेल असे मला वाटत नाही.

आणखी एक. काल यजमान दवा बाजारात चार दुकाने फिरले. तिघांनी पीटीयू नाही म्हणून सांगितले, चौथ्याने मागवायला चार-पाच दिवस लागतील म्हटले. तीन दिवसांत सहा आठवडे पूर्ण होतात, त्यामुळे इंदूर, उज्जैन किंवा भोपाळमध्ये ते तयार कुठे मिळते हे ठाऊक असल्यास आजच कळवावे. सोमवारपर्यंत थांबण्याऐवजी मी उद्या सकाळी दुसऱ्या थायरॉइडतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. त्यांना आणखी काय विचारावे, तेही लिहा.