पहिला स्कूबा सेट, बजेट तीस हजार. वापरलेला घेऊ का?

पाणकावळा_मानेवाडा:
मंडळी, जानेवारीत अंदमानात हॅवलॉकला ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स केला आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काहीच नाही. बायको म्हणते, "अंबाझरी तलावात कधी पाय ओला केला नाही, अन् समुद्राच्या बुडाशी चालले!" ऑनलाइन एकाकडे वापरलेला सेट दिसला: रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारा), ऑक्टोपस (श्वासाचा जादा तोंडतुकडा), बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जॅकेट), फिन्स (पायातले पंख), सगळं मिळून अठ्ठावीस हजार. सहाच डाइव्ह केलेत, मग चार वर्षं कपाटात होता म्हणतो. मला चष्मा आहे, दोन्ही डोळे उणे तीन. जाणं वर्षातून एकदा, फार तर दोनदा. घेऊन टाकू का?

खारंपाणी_धरमपेठ:
भाऊ, थांबा. "कपाटात होता" हीच त्यातली वाईट बातमी आहे.

मीही असाच शहाणपणा केला होता. वापरलेला रेग्युलेटर घेतला आणि दोन मे महिने माळ्यावर ठेवला. आपला नागपूरचा मे तुम्हाला माहीत आहेच. मालवणला होडीवर सिलिंडर लावला, तर सेकंड स्टेजमधून, म्हणजे तोंडात धरायच्या भागातून, हवा फुर्रर्र सुटली ती थांबेचना. इन्स्ट्रक्टरनं काही न बोलता तो काढून ठेवला आणि भाड्याचा लावला. रेग्युलेटरमधले ओ-रिंग आणि रबरी भाग न वापरताही म्हातारे होतात. पुढे सर्व्हिसिंगसाठी दुसऱ्या शहरात कुरिअर, सुट्या भागांचा खर्च आणि दीड महिना वाट. घेतला त्याच्या निम्मे पैसे परत गेले.

तुम्ही मास्क घ्या, बाकी सगळं नंतर. चेहरा आपला असतो, भाड्याचा मास्क दुसऱ्याच्या चेहऱ्याला बसलेला असतो. दुकानात पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकानं हलका श्वास आत ओढा, हात सोडा. पडला तर ठेवून द्या, मग तो कितीही महाग असो. कडा सिलिकॉनची हवी. उणे तीनच्या तयार काचा बसणारे मास्क मिळतात, विचारून घ्या. पोहण्याचा गॉगल चालवू नका. त्यात नाक बाहेर राहतं, त्यामुळे खाली गेल्यावर आतला दाब सारखा करता येत नाही आणि डोळे ओढले जातात.

नव्या काचेवर कारखान्याचा थर असतो, साध्या पांढऱ्या टूथपेस्टनं आतून दोन-तीनदा घासा, नाहीतर सारखं धुकं धरेल. माझ्या सुनेनं जेलवाली पेस्ट वापरली, धुकं तसंच राहिलं अन् मग फोन केला.

निळाई:
खारंपाणी ताईंशी सहमत, पण मास्कनंतर मी डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजून किती वेळ खाली राहता येईल ते सांगणारं यंत्र) घेईन, फिन्स नाही. भाड्यानं रोज वेगळा मिळाला तर आधीच्या डाइव्हमध्ये अंगात साठलेला नायट्रोजन त्याच्या हिशोबात नसतो. मनगटावरचा साधा मॉडेल पुरतो. बीसीडी तुम्हाला कशाला? विमानात पंधरा किलोची मर्यादा, त्यात सगळा सेटच दहा-बारा किलो. सिलिंडर आणि वजनं तर तिथंच मिळतात.

पाणकावळा_मानेवाडा:
म्हणजे तीस हजार खर्चच होत नाहीत की! त्या माणसाला "विचार करून सांगतो" म्हटलं. एक विचारायचं राहिलं: मिशा. कोर्समध्ये मास्कमध्ये सारखं पाणी शिरत होतं.

खारंपाणी_धरमपेठ:
मिशीची वरची कड नाकाखाली बोटभर उतरवा. सिलिकॉन त्वचेला चिकटतं, केसाला नाही. पूर्ण काढायची गरज नाही, माझ्या नवऱ्याची तीस वर्षांची मिशी आहे अन् तो आमच्यापेक्षा कमी पाणी गिळतो. आणि मास्क आणल्यावर पोहण्याच्या तलावात चार रविवार मास्कमध्ये डोळ्यांखालपर्यंत पाणी भरून ते नाकानं बाहेर फुंकायचा सराव करा. पोरं हसतील, हसू द्या. उरलेल्या पैशात मालवणला जा, पण पावसाळा सोडून. तेव्हा डाइव्हिंग बंद असतं, नोव्हेंबरनंतर पाणी निवळतं.

निळाई:
आणि विमानानं परत येणार असाल तर तो नायट्रोजन निघून जायला शेवटच्या डाइव्हनंतर किमान अठरा तास जाऊ द्या.

पाणकावळा_मानेवाडा:
नोव्हेंबरची रजा टाकली. बायकोला मालवणच सांगितलंय, डाइव्हचं अजून नाही. मास्क लावून घरात फिरत होतो, तिनं दार उघडलं अन् परत लावून घेतलं.