पळसदेवचं पाण्यातलं देऊळ : आईला घेऊन कधी जावं?

सांजवात :
नमस्कार मंडळी. उजनी धरणाच्या पाण्यात बुडालेलं पळसनाथाचं देऊळ उन्हाळ्यात उघडं पडतं, त्याचे फोटो दरवर्षी व्हॉट्सॲपवर फिरतात. यंदा आईने हट्टच धरलाय. वय ६८, गुडघे कुरकुरतात, पण उत्साह माझ्या दुप्पट. पुण्याहून सकाळी गाडीने निघून रात्री परत यायचंय. कधी गेलं म्हणजे देवळापर्यंत चालत जाता येतं? होडी लागते का? आणि शिखराशिवाय बघण्यासारखं काही आहे, की नुसतं फोटोपुरतंच?

भीमाकाठ :
ताई, माझं मूळ गाव तेच. भिगवण सोडल्यावर इंदापूरच्या अलीकडे हायवेला जे लागतं ते नवं पळसदेव. जुनं पाण्याखाली.

कुठल्या महिन्यात जायचं ते आधी ठरवू नका, धरणाची टक्केवारी बघा. उजनीत एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६३च्या आसपास मृतसाठा, म्हणजे अगदी तळाचं पाणी. पेपरात येणारे टक्के फक्त वरच्या ५३-५४ टीएमसीचे असतात. म्हणजे शून्य टक्के झालं तरी धरणात अर्ध्याहून जास्त पाणी असतंच. देऊळ पायथ्यापासून मोकळं व्हायचं तर धरण चांगलंच मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात खोल, जावं लागतं. २०२४ला उणे ५०च्याही खाली गेलं होतं, तेव्हा जत्रेसारखी माणसं आली. पाऊसपाणी बरं झालेल्या वर्षी मात्र पाण्याबाहेर आलेलं शिखर लांबून बघून परत फिरायचं. जूनअखेर जाणार असाल तर आपल्याकडे पाऊस नाही म्हणून निर्धास्त राहू नका. पुण्याच्या वरच्या धरणांतून पाणी सुटलं, दौंडचा विसर्ग वाढला, की इथे थेंब न पडता वाट बुडते.

खरी अडचण गाळाची. वरून पापडी, भेगा पडलेल्या, आणि खाली लोणी. माझ्या भाच्याची एक चप्पल अजून तिथेच आहे. पाणी मागे सरकलं की शेतकरी मोटारी आणि पाइप घेऊन त्याच्यामागे सरकतात. त्यांच्या मोटारसायकलींची जी चाकोरी पडलेली असते, तीच धरून चाला. जवळचा म्हणून दुसरा रस्ता काढू नका. आणि जमिनीवर लोळणाऱ्या काळ्या केबलवर पाय देऊ नका, त्यांत वीज असते.

बघायला काय आहे? सगळे आधी शिखराकडे धावतात. ते आहेच बघण्यासारखं. भूमिज पद्धतीचं, म्हणजे खालून वर लहान लहान शिखरांच्या ओळी चढत गेलेल्या, वीट आणि चुन्यातलं. चाळीसहून जास्त वर्षं पाण्यात भिजतंय, उन्हात तापतंय, तरी उभं आहे. पण मला विचाराल तर वीरगळ बघा, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई, मधे मेलेल्या वीराला अप्सरा नेतायत, वर तोच वीर पिंडीपुढे हात जोडून बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. सकाळी आठच्या आत गेलात तर तिरक्या उन्हात कोरीव काम उठून दिसतं. दुपारी नुसता काळा दगड. शेजारी सतीशिळा दिसली तर तिच्यावरचा बांगड्या भरलेला हात आईंना दाखवा.

देवळाच्या आसपास जी दगडांची चौकोनी जोती दिसतात, ती देवळाची नव्हेत. ती आमची घरं. गाव उठलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. एका मोठ्या दुष्काळात सगळं उघडं पडलं, तेव्हा वडील आणि चुलते आपलं जोतं कुठलं यावरून तासभर भांडले. आजी काही न बोलता पुढे गेली आणि एका कोपऱ्यात काठीने गाळ उकरायला लागली. तिथे आमचं उखळ निघालं. जातं आणलं होतं, उखळ जमिनीत पुरलेलं म्हणून राहिलं. लोक त्या जोत्यांवर डबे उघडून बसतात. बसू दे बापडे, पण प्लास्टिक तरी परत न्यावं.

रोहितवेडा :
मी दर हिवाळ्यात भिगवणला पक्षी बघायला येतो. चालायचं जमणार नसेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये होडीने जा की! पाण्यातून वर आलेलं शिखर आणि मागे रोहित पक्ष्यांचा थवा, असा फोटो उन्हाळ्यात मिळायचा नाही. परतताना चिलापी मासा फ्राय. गुडघ्यांना काही त्रास नाही.

भीमाकाठ :
फोटोचं खरं आहे, पण होडीतून वीरगळ दिसत नाहीत हो. आणि होडी घेतलीत तर सकाळचीच. मे २०२४मध्ये याच पाण्यात कुगाव-कळाशी दरम्यान संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात बोट उलटली, सहा जण गेले. वळवाचं आभाळ भरून आलं की हे पाणी धरणासारखं नाही, समुद्रासारखं वागतं. लाइफ जॅकेट नसेल तर ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्याच्या होडीत पाय ठेवू नका, मग तो माझा भाऊबंद का असेना.

सांजवात :
दादा, एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. चालतच जायचं म्हणते, काठी घेऊन. तिने दोन गोष्टी विचारल्यात. पूजेचं सामान न्यायचं का? आणि ते उखळ अजून आहे का?

भीमाकाठ :
पूजा नव्या गावात. पिंड गाव उठलं तेव्हाच वर आणून नव्या देवळात बसवली, त्यामुळे आधी तिथे दर्शन घ्या. गाडीही तिकडेच सावलीत राहील. आतली वाट गावातल्या कुणालाही विचारा, ‘जुनं देऊळ’ म्हणा.

उखळ आहे. मागच्या खेपेला शिंपल्यांनी भरलेलं होतं, मी हाताने साफ करून आलो. देवळाकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला, कडुलिंबाच्या वाळल्या खोडाच्या पुढे. दिसलं नाही तर आईंची काठी आहेच.