लेड झेपेलिनच्या लाइव्ह टेप: तुमचे अनुभव लिहा

रानवारा
लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘फिजिकल ग्राफिटी’ अल्बमला पन्नास वर्षं झाली म्हणून २०२५ मध्ये चार गाण्यांची लाइव्ह ईपी (छोटा अल्बम) आली. दोन गाणी लंडनच्या अर्ल्स कोर्टची, १९७५ मधली; दोन इंग्लंडमधल्याच नेबवर्थची, १९७९ मधली. काल सगळे झोपल्यावर ‘इन माय टाइम ऑफ डाइंग’ लावलं आणि दादाची कॅसेट आठवली. नव्वद मिनिटांची सोनी, कडेला हिरव्या पेनाने ‘बॉम्बे ७२’. कॉपीची कॉपी असणार. आधी नुसती खरखर, मग तबला, व्हायोलिनं.

ऑक्टोबर १९७२ मध्ये जपानचा दौरा आटोपून परतताना गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत थांबले होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ध्वनिमुद्रित केली. ती गाणी कित्येक वर्षं चोरट्या प्रतींतूनच फिरली, अधिकृत आली ती २०१५ ला, ‘कोडा’ अल्बमच्या नव्या आवृत्तीत. दादा २०१२ लाच गेला. त्याला ती स्वच्छ ऐकायला मिळाली नाहीत याचं फार वाईट वाटतं.

तुम्ही काय ऐकलंत, कुठे? अजून काय बाहेर यायला हवं?

कोकण्या७१
हाऊ द वेस्ट वॉज वन हा लाइव्ह अल्बम. विषय संपला. जून १९७२, लॉस एंजेलिस आणि लाँग बीच, बाहेर आलं २००३ ला. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ पंचवीस मिनिटं! पण दोन रात्री कापून जोडल्यात ते मला खटकतं. एक रात्र सलग द्या ना. सूर चुकला तर चुकू दे.

मेघना_के
रानवारा, दादाबद्दल वाचून गलबललं गं.
आमच्या घरी पावसाळ्यात कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरायची. बाबा कपाटात शून्याचा दिवा लावून ठेवायचे, दार उघडलं की उबट वास यायचा. भीमसेन, झेपेलिन, शेजारच्या काकूंची मनाचे श्लोकची कॅसेट, सगळं एकाच फळीवर. कुकर झाला, येते परत.

तिहाई
फोर स्टिक्सबद्दल कुणी बोलतच नाही! त्यात पाच आणि सहा मात्रांची अदलाबदल आहे. मी तबला शिकते, हाताने मोजत बसले तरी सम निसटते. मुंबईच्या रेकॉर्डिंगमध्ये ती वळणं कानात प्राण आणून ऐका. आणि श्रेय काय, तर ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’. एकेका वादकाचं नाव गाण्याशेजारीच छापायला हवं होतं.

कोकण्या७१
तिहाई, +१००

फेडर
मी साउंडचं काम करतो म्हणून थोडं लिहितो. ‘सगळ्या रात्री बाहेर काढा’ म्हणणं सोपं आहे. मल्टिट्रॅक (प्रत्येक वाद्य वेगळं टेप केलेलं) असेल तर ड्रम, गिटार, गाणं वेगवेगळं हाताळता येतं. पण बऱ्याच रात्रींचं फक्त मिक्सरवरून घेतलेलं रेकॉर्डिंग आहे. सभागृहात बँडचा ड्रमर बॉनम याचे ड्रम तसेच कान फाडत असायचे, त्यामुळे मिक्सरवर ते थोडेच घ्यायचे. टेपवर मग प्लांट कानाशी आणि ड्रम शेजारच्या इमारतीत.
शिवाय सत्तरच्या दशकातल्या काही टेपचा लेप दमट हवेने चिकट होतो. तशा टेप पन्नास-पंचावन्न अंशांवर कित्येक तास भाजतात आणि लगेच कॉपी काढतात. घरच्या कॅसेटवर हा प्रयोग कृपया नको.

मेघना_के
भाजतात??? 😳 आईला सांगते, ओव्हन रिकामाच पडलाय

एकतारी
प्रेक्षकांतून केलेली रेकॉर्डिंग्ज विसरू नका. माइक मिलर्ड नावाचा चाहता व्हीलचेअरमध्ये रेकॉर्डर लपवून न्यायचा. २१ जून १९७७, लॉस एंजेलिस, ‘लिसन टू धिस, एडी’ नावाने फिरतं ते. पहिल्याच गाण्यात बॉनमचे ड्रम छातीत आदळतात. हॉस्टेलला आम्ही मित्र दिवा मालवून ऐकायचो, कुणी खोकलं तरी त्याला बाहेर काढायचे.

सदाफुली
पण ती चोरीच ना? कलाकाराला काय मिळालं त्यातून?

एकतारी
ताई, विकणाऱ्यांबद्दल मान्य. पण बीबीसीकडचं १९६९ चं एक सेशन हरवलं होतं, ते एका चाहत्याने घरी रेडिओवरून टेप केलं होतं म्हणून वाचलं. २०१६ च्या संचात अधिकृतपणे आलंय. त्याने तेव्हा बटण दाबलं नसतं तर?

कोकण्या७१
त्यांचा मॅनेजर पीटर ग्रँट चोरून टेप करणाऱ्यांचं सामान स्वतः फोडायचा. व्हँकुव्हरला एकाचं यंत्र फोडलं, ते निघालं आवाजाची पातळी मोजायचं सरकारी यंत्र 😂

सदाफुली
😂😂 बीबीसीचं माहीत नव्हतं. आज ऐकते.

थेम्सकाठी
२००७ च्या डिसेंबरात लंडनच्या ओ-टू अरीनाला त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला, ड्रमवर बॉनमचा मुलगा जेसन. तिकिटं सोडतीने. आम्ही दोघांनी वेगवेगळे अर्ज भरले, दोन्ही गेले. त्या संध्याकाळी नवरा ऑफिसातून थेट तिकडे जाऊन नुसता बाहेर उभा राहून आला. २०१२ ला ‘सेलिब्रेशन डे’ आलं. ‘काश्मीर’ सुरू झालं आणि तो ढसाढसा रडला.

पन्हाळा
काश्मीर गाण्यात काश्मीर कुठाय? सुचलं मोरोक्कोच्या रस्त्यावर.
बाय द वे कॅसेट डेकचा बेल्ट कुठे मिळेल? टेप हळू चालतोय, प्लांट एखाद्या बुवासारखा खर्जात गातोय.

फेडर
लॅमिंग्टन रोड. जुना बेल्ट सोबत न्या, घेर आणि जाडी जुळायला हवी. हेड स्पिरिटने पुसा, कापूस पिळून घ्या.

रानवारा
सगळ्यांचं वाचतेय, आभार. माझी मागणी अर्ल्स कोर्टची. मे १९७५ च्या पाच रात्री, त्यातली एक तरी पहिल्या गाण्यापासून शेवटच्या टाळीपर्यंत. २००३ च्या डीव्हीडीत तुकडेच आहेत.
आणि १९७२ ला पेज-प्लांट कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबमध्येही वाजवून गेले होते. त्या रात्री तिथे कुणी टेप सुरू ठेवला होता का? कुणाच्या काका-मामांना विचारा ना.

पन्हाळा
मामा तेव्हा कुलाब्यातच राहायचे. रविवारी फोन करतो. फेडर, बेल्ट चौकोनी की चपटा?