दर ईस्टरला 'दडवलेलं' शुभवर्तमान कसं काय सापडतं?

बावखल
काल इथे एकाने व्हिडिओ टाकला: 'चर्चने १७०० वर्षं दडवलेलं यहूदाचं शुभवर्तमान!' म्हणजे येशूला दगा देणाऱ्या यहूदाच्या नावावरचं येशूविषयीचं पुस्तक. खाली बदामांचा पाऊस. अहो, दडवलं कुणी? बिशप इरेनेयसने इ.स. १८० च्या सुमारास याच नावाच्या शुभवर्तमानावर उघड झोड उठवली आहे. दडवायच्या गोष्टीची दवंडी पिटतात का? हस्तलिखित १९७० च्या दशकात इजिप्तमध्ये मिळालं. मग मनासारखा भाव येईना म्हणून विक्रेत्याने ते न्यूयॉर्कजवळच्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं. सोळा वर्षं तिथे त्याचा भुगा होत होता. यात चर्च कुठे आलं? नॅशनल जिऑग्राफिकने ते जगाला दाखवलं ६ एप्रिल २००६ ला, ईस्टर १६ ला. योगायोगच म्हणायचा!

संशयात्मा
दडवलं नाही, मान्य. पण धर्मशिक्षणाच्या वर्गात कधी नाव तरी ऐकलं होतंत का? १९४५ मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीला रांजणात थॉमसचं शुभवर्तमान मिळालं, येशूची ११४ वचनं. ती पुस्तकं कुणी हौसेने पुरली नसणार. ३२५ साली निकेयाच्या परिषदेत बिशपांनी हात वर करून चार शुभवर्तमानं निवडली, बाकीची बाद.

बावखल
आली ती २००३ ची कादंबरी, 'द दा विंची कोड'! निकेयाचे वीस नियम आजही वाचायला मिळतात. पुस्तकांच्या यादीचा विषयच नाही त्यात. नव्या करारातली नेमकी २७ पुस्तकं सांगणारं बिशप अथानासियसचं पत्र ३६७ चं, आणि चार शुभवर्तमानं तर इरेनेयसच्या काळीच ठरल्यासारखी होती.

डेस्कवरचा
वर्तमानपत्रात बसतो म्हणून सांगतो. उपासकाळ (ईस्टरआधीचे उपासाचे दिवस) आला की एजन्सीची अशी कॉपी येते आणि संपादक म्हणतात, 'खळबळ' शब्द घाल. २०१२ मध्ये 'येशूची पत्नी' म्हणणारा पपायरसचा तुकडा आम्ही ठळक छापला. २०१६ मध्ये तो बनावट असण्याची शक्यता खुद्द तो जाहीर करणाऱ्या प्राध्यापिकेनेच मान्य केली. ती बातमी? जागा नव्हती.

नगरकर भाऊ
बावखल, दुसऱ्यांच्या याद्या तपासताय, तुम्हा कॅथलिकांची ७३ पुस्तकांची यादी? आम्हा प्रोटेस्टंटांचं पवित्र शास्त्र ६६ पुस्तकांचं. वरची सात तुम्ही १५४६ ला ट्रेंटच्या परिषदेत घुसडलीत, शुद्धिस्थानाला (मेल्यावर आत्मा शुद्ध होण्याच्या जागेला) आधार हवा होता म्हणून.

बावखल
घुसडली?? ३९७ च्या कार्थेजच्या यादीत आहेत ती. तुमच्या प्रोटेस्टंट पंथाच्या लूथरने १५३४ च्या जर्मन बायबलमध्ये वेगळी काढली पण छापली. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्येही होती. १८२६ ला लंडनच्या बायबल सोसायटीने त्यांच्या छपाईला पैसे देणं बंद केलं, आणि मिशनऱ्यांनी आपल्याकडे आणलं ते ६६ चं. खर्च वाचवलेल्या प्रतीला तुम्ही मूळ समजताय.

नगरकर भाऊ
बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमनेच ती हिब्रूत नाहीत म्हणून बाजूला ठेवली होती. तो काय लंडनचा होता?

वसईची सून
तुमच्या या भांडणाने माझं लग्न गाजलं. माहेर नगरचं प्रोटेस्टंट, सासर वसईचं कॅथलिक. मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) त्या सातांपैकी तोबीतमधलं वाचन सुरू झालं आणि आमचे पाळक काका उठून बाहेर गेले. जेवणाला परत आले. तोबीत चालत नाही, इंद्याल चालतं!

बावखल
जेरोमचं खरं आहे. पण भाषांतर केलंच ना त्याने तोबीतचं? आणि काकांना सांगा, नव्या करारातल्या यहूदाच्या पत्रात (हा यहूदा वेगळा) यादीबाहेरच्या हनोखाच्या पुस्तकातलं वचन आहे. इथिओपियातली मंडळी ते पुस्तकही बायबलमध्ये धरतात, त्यांची ८१. मग काका यहूदाच्या पत्रालाही बाहेर जाणार का?

नगरकर भाऊ
माझ्या नातलगांवर घसरू नका. पौलाने ग्रीक कवींची वाक्यं घेतली, म्हणून ते कवी पवित्र शास्त्र झाले?

संशयात्मा
वा! तुम्हीच एकमेकांची पुस्तकं बाद करताय आणि निवड झाली म्हणणारा मी वेडा.

बावखल
निवड झाली नाही असं कुठे म्हटलं? मतदान झालं नाही म्हटलं. पेत्राच्या शुभवर्तमानाला अंत्युखियाच्या बिशपने आधी परवानगी दिली होती, मग वाचून नाकारलं. लोक वाचत होते, भांडत होते.

संशयात्मा
बरं, मग ८ सप्टेंबरच्या सुमारास बांद्र्याला मोतमाउलीच्या जत्रेला जाता ना? मारियेचा जन्म, आई ऍना, बाबा योआकिम, हे चारपैकी कुठल्या शुभवर्तमानात आहे? एकाही नाही. याकोबाच्या नावावरच्या, यादीबाहेरच्या पुस्तकात आहे. पुस्तक नको, जत्रा पाहिजे.

बावखल
जातो. दरवर्षी जातो. ते पुस्तक कपाटातही आहे, कुणी दडवलेलं नाही. व्हिडिओवाल्याला हवं तर पाठवतो.

नगरकर भाऊ
बघा, यादीबाहेरचं तेही पुस्तक मानतात हे!