मदत हवी आहे: नाताळच्या पार्टीसाठी भडक स्वेटर

नमस्कार मंडळी. लेकीच्या ऑफिसात २४ डिसेंबरला 'अग्ली स्वेटर' पार्टी आहे. सगळ्यात भडक स्वेटरला बक्षीस! तिचा जुना हिरवा अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर काढलाय. त्यावर लाल फेल्टचा सांता, कापसाची दाढी, लोकरीचे गोंडे लावायचे आहेत. ग्लू गनने चिकटवलेला पहिला गोंडा स्वेटर ताणताच निघाला. इस्त्रीने चिकटवायची भीती वाटते, अ‍ॅक्रिलिक वितळतं ना. मग हातानेच टाके घालू का? आतून अस्तर लागेल? सेलवरची बारीक दिव्यांची माळ कशी बसवू, म्हणजे धुताना काढता येईल? इथे नागपुरात फेल्ट इतवारीत मिळेल की सीताबर्डीलाच जाऊ? लेकीने किती वर्षांनी माझ्याकडे काही शिवून मागितलंय, अगदी मनासारखा करून द्यायचाय तिला.